दादाची दुपारची झोप

दादा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. बातमी यायची तर माणूस दुसरीकडे कुठेतरी असावा लागतो. मी तिथंच होते, अंबरनाथ पश्चिमेच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून नलूवहिनींबरोबर मोड आलेले वाल सोलत होते. मधे एक भिंत आणि एक लोटलेलं दार. पलीकडे दादा झोपला होता आणि अलीकडे आम्ही दोघी, त्या घराच्या रिवाजाप्रमाणे, कुजबुजत बोलत होतो. वहिनी म्हणाल्या, "शकुताई, ह्यांना हल्ली बरं नसतं बघा. जिना चढले की भिंतीला हात लावून उभे राहतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही सांगा जरा." मी म्हटलं, "उठल्यावर बोलते."

साडेपाचला वहिनी चहा घेऊन आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. कप तसाच हातात होता. "शकुताई, हे गार लागतायत," असं म्हणाल्या, आणि तेही कुजबुजतच. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत वर आले, त्यांनी पाहिलं, मान हलवली. "हार्ट. झोपेतच गेले, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना," ते वहिनींना समजावत होते. मी विचारलं, किती वेळ झाला असेल? ते म्हणाले, "दोन-अडीच तास तरी. नक्की नाही सांगता येणार, मॅडम." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उलटा हिशेब केला. सव्वातीनच्या सुमारास चष्मा घ्यायला मी त्या खोलीच्या दारात गेले होते.

याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता एकच वाक्य बोलतो. पुण्यवान माणूस, झोपेत गेला. कुणी म्हणतं असं मरण मागून मिळत नाही, कुणी म्हणतं सुटले बिचारे. मी मान डोलावते आणि मनातल्या मनात दातओठ खाते. तीस वर्षं उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवलं, झोप आणि स्वप्नं हा माझा आवडता भाग, पण माझा राग त्या शिकण्या-शिकवण्यातून आलेला नाही. माझ्या भावाच्या झोपेबद्दल जे मला ठाऊक आहे ते ह्या माणसांना ठाऊक नाही. दादा झोपेत ऐकायचा. सगळं ऐकायचा, शब्द न् शब्द. म्हणून सव्वातीनला मी दारात उभी होते तेव्हा तो जिवंत होता का, आणि मी आले आणि गेले हे त्याला कळत होतं का, एवढा एक प्रश्न घेऊन मी दीड महिना हिंडते आहे. हा लेख मी त्याचे गुण आठवायला घेतला होता. ते येतील ओघाने; खरं तर मला दुसरंच काहीतरी कबूल करायचं आहे.

आमचे बाबा लवकर गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची, दादा वीसचा. तो एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात लागला आणि पुढे बॉयलर अटेंडंट झाला. बॉयलरच्या अंगावर एक उभी काच असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. त्या काचेवर आठ तास नजर ठेवायची, हे त्याचं काम. पाणी खाली गेलं आणि बघणाऱ्याचा डोळा लागला, तर पुढचं सांगायला कुणी उरत नाही, असं तो हसत हसत सांगायचा आणि आईचा घास घशात अडकायचा. नाईट शिफ्ट असली की सकाळी आठला घरी यायचा, भाकरी खायचा आणि आमच्या चाळीतल्या एकुलत्या एका खोलीत खिडकीला निळं घोंगडं लावून आडवा व्हायचा. त्यानंतर तीन वाजेपर्यंत घरात आवाज बंद.

आवाज बंद म्हणजे काय, हे ज्याच्या घरात शिफ्टवाला नाही त्याला कळायचं नाही. डाळ पहाटेच शिजायची, कारण दिवसा कुकरची शिट्टी चालत नसे. आई हातातल्या बांगड्यांना रुमाल गुंडाळायची. देवघरातल्या घंटेच्या लोलकाला कापूस लावलेला असे, देवाला ऐकू गेलं नाही तरी चालेल पण अरविंदाची झोप मोडायला नको. चाळीत निम्म्या दारांमागे कुणी ना कुणी शिफ्टवाला होताच. नाईटवाला झोपला की त्याच्या डब्याची रिकामी पिशवी दाराच्या कडीला अडकवायची, ही तिथली पद्धत होती. पिशवी दिसली की पोरं बॉल उचलून पुढच्या दारी जायची, भाजीवाला न ओरडता खुणेनं भाव सांगायचा. आमच्याकडे भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची. मी पाढे ओठांनी पाठ केले, आवाजाने नाही; शाळेत बाईंनी मोठ्याने म्हणायला सांगितले की माझी फजिती. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. मला अजून मोठ्याने शिंकता येत नाही.

मी सहावीत असतानाची ती दुपार. दादा झोपलेला, आणि आई शेजारच्या काकूंशी भिंतीला टेकून बोलत होती. मला पुढं शिकवावं की सातवीनंतर घरी बसवावं, असा विषय होता. आईचं म्हणणं, पोरीच्या फिया भरत बसले तर अरविंदाचं लग्न कधी व्हायचं? काकू म्हणाल्या, खरंय बाई. मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात बसून हे ऐकलं. तीन वाजता दादा उठला, तोंड धुतलं, चहाची बशी ओठाला लावली आणि आईकडे न बघता म्हणाला, "माझं लग्न थांबलं तर थांबू दे. शकूची शाळा थांबवायची नाही." आईचा चेहरा पांढरा पडला. तिनं त्याला आत्ता तासाभरापूर्वी घोरताना ऐकलं होतं. "तू जागा होतास?" "जागाच होतो. पण हलता येत नव्हतं. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. हात उचलतोय उचलतोय, उचलत नाही. ओरडायला जातो, आवाज फुटत नाही. तुमचं बोलणं मात्र विहिरीच्या काठावरनं यावं तसं येत होतं... सगळं."

माझी शाळा वाचली ती अशी. पण आईला शाळेचं काही पडलं नव्हतं, तिला मुंजा दिसत होता. छातीवर बसणारा दुसरा कोण असणार? तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, गावाकडून अंगारा आणला, खाटेची दिशा बदलली. दादानं तिला सगळं करू दिलं आणि मग मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, "शके, मी सांगतो ते कर. झोपेत माझे डोळे अर्धे उघडे दिसले ना, की समज मी अडकलोय. पायाचा अंगठा घट्ट धर आणि हाक मार. मी सुटतो." त्या दिवसापासून ते माझं काम झालं. आठवड्यातून एखाद-दोनदा तरी पापण्यांमध्ये पांढरी रेघ दिसायची. मी अंगठा धरून "दादा, ए दादा" म्हणायचे, आणि तो पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास घ्यायचा. मग माझ्याकडे बघून हसायचा आणि कूस बदलून खरा झोपायचा. तेवढ्यापुरती त्या घरात दुपारी मोठ्याने बोलायची परवानगी एकट्या मला होती. त्याचा मला केवढा तोरा होता!

त्याच्या पैशावर मी एम.ए. केलं. आणि शिकलेल्या बहिणीनं घरी येऊन पहिलं काम कुठलं केलं असेल, तर त्याचा मुंजा पळवून लावला. तोवर दादाचं लग्न झालं होतं, आम्ही चाळीतून फ्लॅटमध्ये आलो होतो. एका रविवारी मी कॅलेंडरच्या पाठीवर मेंदूचं चित्र काढून सगळ्यांना समोर बसवलं. माणूस स्वप्न बघत असतो तेव्हा मेंदू शरीराचे स्नायू बंद करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच पलंगावरून पळालो असतो. कधी कधी मन आधी जागं होतं आणि शरीराचं कुलूप उघडायला उशीर लागतो. तेवढी मिनिटं माणूस जागा असतो आणि बांधलेला असतो, शिवाय स्वप्नाचं शेपूट अजून डोळ्यांपुढून गेलेलं नसतं, म्हणून छातीवर कुणी बसल्याचा, खोलीत कुणी असल्याचा भास होतो. ज्यांच्या झोपेच्या वेळा उलटसुलट होतात त्यांना हे जास्त होतं. दादानं चित्राकडे टक लावून पाहिलं. बॉयलरची काच तो अशीच बघत असणार. "म्हणजे कुणी बसत नाही छातीवर?" "कुणी नाही." "मग ते अंगठा धरणं?" मी म्हटलं, "त्याची गरजच नाही. दोन-तीन मिनिटांत आपोआप सुटतं. उलट दरवेळी कुणीतरी सोडवायला लागलं की तुझी भीती पक्की होत जाते." तो म्हणाला, "तरी हाक मारली की बरं वाटतं गं." मी हसले. वहिनींना आणि आईला मी ठणकावून सांगितलं, आजपासून कुणी अंगठा-बिंगठा धरायचा नाही, झोपू द्यायचं. आई कुरकुरली. वहिनी माझं सगळंच ऐकत, तसं हेही त्यांनी ऐकलं.

मी सांगितलेलं शास्त्र चूक नव्हतं. आजही वर्गात उभी राहिले तर शब्द बदलणार नाही.

त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही, आणि मी समजले की प्रश्न मिटला. वर्गात मात्र मी दरवर्षी त्याला वापरायचे, 'माझ्या परिचयाचे एक गृहस्थ' म्हणून. एके वर्षी पोरांनी हट्टच धरला की गृहस्थ दाखवा. दादा आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, माझ्या खुर्चीत अंग चोरून बसलेला. बदलापूरहून येणारी एक धीट मुलगी होती, तिनं विचारलं, "अंकल, तेव्हा सगळ्यात जास्त डर कशाची वाटते? भूत दिसेल याची?" दादा म्हणाला, "भूत नाही गं. हलता येत नाही याचंही काय नाय वाटत, सवय झाली. भीती एकच. आपण आतून हाका मारतोय, आणि बाहेर उभ्या माणसाला वाटतंय हा मजेत झोपलाय." मग मी फळ्याकडे वळून म्हटलं, तर ह्याला व्यक्तिनिष्ठ अनुभव म्हणतात, आणि पुढचा मुद्दा लिहिला. दादानं परत जाताना मला विचारलं, "बरोबर बोललो ना?" मी म्हटलं, "फर्स्ट क्लास."

आई गेली त्यानंतरचे काही आठवडे विचित्र होते. दादा दुपारी उठून बाहेर यायचा आणि वहिनींना विचारायचा, "आई कुणाशी बोलत होती आत्ता?" पहिल्या वेळी वहिनींच्या हातातलं भांडं पडलं. त्या घरात दुपारी भांडं पडलेलं ते पहिलंच. दुसऱ्या वेळी मी तिथं होते. वहिनी घाबरल्या नाहीत, त्यांनी शांतपणे विचारलं, "काय म्हणत होत्या?" दादा म्हणाला, "तेलाची बरणी उघडी आहे म्हणाली. मुंग्या लागतील." आम्ही तिघांनीही स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. बरणी उघडी होती, झाकण बाजूला. मी लगेच स्पष्टीकरण दिलं की सकाळी पाणी प्यायला तू आत आलास तेव्हा तुझ्या नजरेनं ते टिपलं, आणि अर्धवट झोपेत मेंदूनं ते आईच्या आवाजात तुला ऐकवलं. दादा म्हणाला, "असेल." वहिनींनी झाकण लावलं आणि हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला होता, आणि मी तो कुणाला दिसू दिला नाही.

निवृत्त झाल्यावर नाईट संपली, पण दुपारची झोप तशीच राहिली. जेवण झालं की एकला आत, साडेपाचला बाहेर. आणि घर तसंच कुजबुजत राहिलं. दादाचा मुलगा, माझा भाचा, बदलापूरला वेगळा राहायला गेला, तो फोन करायचा तोही साडेपाचनंतर. वहिनींचा तर आवाजच गेला होता म्हणायला हरकत नाही. चाळीस वर्षं हळू बोलून बोलून त्यांना मोठ्याने बोलणं जमेचना. मंडईत भाजीवाला ओरडायचा, "काकी, आवाज टाका ना जरा, काय ऐकूच नाय येत!" आम्ही ह्यावरून त्यांना किती चिडवलं असेल. दादा म्हणायचा, "माझी बायको आहे की मोबाईल, सायलेंटवरच असते."

आता ती दुपार. मला पेपर वाचायचा होता आणि चष्मा आतल्या टेबलावर राहिला होता. मी दार हळूच ढकललं. दादा उताणा झोपला होता. डोळे अर्धे उघडे होते. हे मी पाहिलं. चाळीतल्या त्या एका खोलीत सहावीतल्या पोरीला जे बघायला शिकवलं होतं, नेमकं ते मी पाहिलं. अंगावरची चादर हलत होती. पंख्याच्या वाऱ्याने की त्याच्या श्वासाने, एवढं मी बघितलं नाही. मनात आलं, अडकलाय, सुटेल दोन मिनिटांत. मी चष्मासुद्धा घेतला नाही, टेबलाशी खुडबुड नको म्हणून. क्षणभर डोकावले आणि दार ओढून घेतलं. वहिनींनी भुवया उंचावून विचारलं, मी दोन्ही हात गालाशी नेऊन खूण केली. गाढ झोपलाय. मग पुन्हा वाल सोलायला बसले.

तेराव्याला दादाचे कारखान्यातले जोडीदार लच्छूभाई आले होते. उल्हासनगरचे सिंधी, फिटर होते, दोघांची पंचवीस वर्षं एकाच शिफ्टमध्ये गेलेली. बाकीचे पुण्यवान-पुण्यवान करत होते तेव्हा ते गप्प बसून होते. निघताना जिन्यापाशी, ताईला सिंधीत अदी म्हणतात तशी हाक मारून, मला म्हणाले, "अदी, एक बात सांगू? अरविंद रोज ब्रेकमध्ये पंधरा मिनट शेडच्या पाठी आडवा व्हायचा. मला बोलून ठेवलेला, लच्छू, आँख अर्धी खुली दिसली ना, तर पैर का अंगूठा पकड आणि आवाज दे. रिटायर होईपर्यंत मी दिला आवाज. कधी चुकलो नाही." मी विचारलं, घरी का नाही सांगितलं त्यानं? लच्छूभाई म्हणाले, "मी पण हेच विचारलं त्याला. तर बोलला, घरी बहीण आहे प्रोफेसर. तिने मना केलंय. तिचा शब्द कसा मोडू?" त्यांनी हात जोडले आणि कठड्याला धरून सावकाश उतरले. मी त्या जिन्यात किती वेळ उभी होते कोण जाणे. ज्याच्यासाठी त्यानं लग्न लांबवलं ते माझं शिक्षण, आणि त्या शिक्षणाचा मान ठेवायला तो घरच्या पलंगावर आयुष्यभर एकटा अडकत राहिला, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्यासारखी मूर्ख बाई मीच.

आता मी दर शनिवारी वहिनींकडे जाते. गेल्या शनिवारी उन्हानं डोकं दुखत होतं, वहिनी म्हणाल्या, आत पडा जरा, तिथला पंखा बरा आहे. मी दादाच्या पलंगावर पडले. झोप लागली. आणि जागी झाले तेव्हा हलता येईना.

तीस वर्षं शिकवलं, पण मला स्वतःला हे कधी झालं नव्हतं. एवढं स्वच्छ असतं ते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं... नाही, दादानं सांगितलं होतं. मला छत दिसत होतं, पंख्याचं पातं दिसत होतं. स्वयंपाकघरात वहिनी भांडी विसळत होत्या, चमचा ओट्यावर ठेवल्याचा बारीक आवाजसुद्धा माझ्यापर्यंत येत होता. बाहेरच्या खोलीत बोललेलं काहीही ऐकू आलं असतं. मी स्वतःला सांगितलं, घाबरू नकोस, हे काय आहे ते तुला ठाऊक आहे. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मग दार हललं. दारात एक बाई उभी राहिली. चष्मा नसल्यानं डोळे बारीक केलेले, अंगावर माझी अबोली साडी, त्या दुपारची. ती मीच होते.

मला वाटत होतं, मी एक क्षण डोकावले होते. ती बाई क्षणभर थांबली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाय न वाजवता आत आली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला, माझ्या पायाकडे. मी आतून जिवाच्या आकांतानं ओरडत होते, धर, धर. तिची बोटं अंगठ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. तिच्या चेहऱ्यावर एक विचार आलेला मला दिसला. मी वर्गात चुकलेल्या पोरांना बघताना करायचे तसा तो चेहरा होता. मग तिनं हात मागे घेतला. उलट पावली दारापर्यंत गेली, कडी वाजू नये म्हणून ती बोटानं धरली, आणि दार ओढून घेतलं.

हा भास होता. मेंदूला आठवण आणि स्वप्न वेगळं करता येत नाही अशा वेळी काय काय होतं, ते मी पानं भरभरून लिहिलं आहे. अपराधी मन हवं ते रचतं. सगळं मान्य. पण तो मागे घेतलेला हात... तो मी ओळखला. तो मी रचलेला नाही. मी त्या दुपारी पलंगापर्यंत गेले होते. हात पुढे केला होता. पन्नास वर्षांपूर्वीची पोर एवढ्या वर्षांनी माझ्या हातात जागी झाली होती, आणि मी तिला गप्प केलं. डॉक्टरांना, भाच्याला, वहिनींना आणि ह्या लेखात वर तुम्हालाही मी सांगितलं की दारातून डोकावले, आणि सांगताना मला ते खरंच वाटत होतं.

दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुटलं. अंग घामानं निथळत होतं. मी भिंतीला धरून स्वयंपाकघरात आले, वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "मघाशी डोकावून गेले मी. डोळे अर्धे उघडे होते तुमचे. म्हटलं दमलायत, झोपू देत." त्यांच्या बोलण्यात माया होती, दुसरं काही नव्हतं. तशीच माया त्या दुपारी माझ्यातही होती, आणि पलंगावरून बघणाऱ्याला तिचा काय उपयोग होता ते मी आत्ताच बघून आले होते. मला रडू फुटलं. स्मशानात आलं नव्हतं, तेराव्याला आलं नव्हतं, ते आत्ता आलं आणि मोठ्याने आलं. मी "दादा, ए दादा" म्हणून ओरडले, लहानपणी ओरडायचे तेवढ्या जोरात, भर दुपारी, त्या घरात.

वहिनी दचकल्या. पेला ओट्यावर ठेवून लगबगीनं निघाल्या. मला वाटलं मला जवळ घेतायत. पण त्या माझ्या बाजूनं पुढे गेल्या, आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार आवाज न करता लोटून घेतलं.